रंगाआधीचे तीन वीकेंड

स्टेन म्हणजे डाग. माझ्या शाळेच्या शर्टावरचे डाग घासण्यात आईची दहा वर्षं गेली, आणि इथे मी दुकानात जाऊन, पदरचे डॉलर मोजून, डबाभर डाग विकत आणतो! बाबांना हे कधीच पटलं नाही. "आणि हा डाग लावायच्या आधी तू जुना डाग काढणार? म्हणजे दोनदा पैसे?" हा त्यांचा प्रश्न. उत्तर 'हो' असंच आहे, पण ते नीट समजायला मला दोन हिवाळे आणि एक मोठी भीती लागली.

तर मंडळी, आजचा विषय डेक. पुण्या-मुंबईतल्या वाचकांसाठी आधी थोडी ओळख. डेक म्हणजे घराच्या मागच्या दाराबाहेर काढलेला उघडा लाकडी ओटा. आमचं घर मिनियापोलिसच्या एका उपनगरात, उतारावर. त्यामुळे पुढून पाहिलं तर तळमजला आणि मागून पाहिलं तर पहिला मजला. आमचा ओटा म्हणूनच जमिनीपासून नऊ फूट उंच आहे. बारा बाय सोळा फूट, वर सीडरच्या फळ्या, खाली औषध पाजलेल्या पाइनचे वासे. उन्हाळ्यात घरातली सगळ्यात लाडकी जागा.

आणि हिवाळ्यात? मिनेसोटाचा हिवाळा हा सांगून कळायचा प्रकार नाही. या राज्यातल्या टॉवर नावाच्या गावी २ फेब्रुवारी १९९६ ला पारा उणे ६० फॅरनहाइटवर, म्हणजे उणे ५१ सेल्सियसवर गेला होता. आमच्याकडे तेवढं नसतं, पण उणे पंचवीसची रात्र काही बातमी होत नाही. लाकडाला मात्र खरा त्रास जानेवारीत नाही, मार्चमध्ये होतो. दिवसा बर्फ वितळतो, पाणी फटीत शिरतं, रात्री पुन्हा गोठतं. गोठताना पाणी साधारण ९ टक्के फुगतं. म्हणजे प्रत्येक फटीत रोज रात्री कोणीतरी बारीक पाचर ठोकतंय आणि सकाळी काढून नेतंय. मग जुलैत त्याच फळीवर अनवाणी पाय ठेववत नाही इतकं ऊन. अशा ठिकाणी उघड्यावर लाकूड ठेवायचं ठरवणाऱ्या माणसाच्या आशावादाला माझा नमस्कार.

आता माझी चूक सांगतो.

२०१४ च्या उन्हाळ्यात आमचा डेक पार राखाडी झाला होता. कुसळं निघत होती, फळ्यांना बारीक चिरा होत्या. मी सॉफ्टवेअरवाला. माझ्या अंगात एकच सवय मुरलेली: शुक्रवारी आलेला बग सोमवारच्या आत बंद झाला पाहिजे. दुकानात एक जाड, लापशीसारखा लेप मिळाला. डब्यावर लिहिलं होतं की चिरा बुजतील, कुसळं दबतील, नव्यासारखं दिसेल. शनिवारी पाण्याचा पाइप मारला, रविवारी रोलर फिरवला, संध्याकाळी फोटो काढून घरी पाठवले. सगळ्यांनी वाहवा केली. बाबांनी फोनवर एवढंच विचारलं, "खालून बघितलंस का रे?"

मी म्हटलं, "बाबा, खालून कोण बघतंय!"

पी हळद हो गोरी म्हणतात ते हेच. पहिला हिवाळा गेला, कडेकडेने लेप फुगला. दुसरा गेला आणि पोपडे सुटले. उकडलेल्या बटाट्याची साल निघावी तसा तो लेप फावड्याला चिकटून बर्फाबरोबर निघून येत होता.

असं का झालं ते नंतर वाचून कळलं. आमच्या शेजारच्या राज्यात, विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन गावी, अमेरिकी वनखात्याची लाकडावरची प्रयोगशाळा आहे, १९१० सालापासूनची. तिथली मंडळी शतकभर फळ्या उन्हापावसात टांगून त्यांचं काय होतं ते मोजत बसली आहेत (काय नोकरी आहे!). त्यांच्या कामातून दोन गोष्टी मला उमगल्या.

पहिली, राखाडी होणं म्हणजे कुजणं नव्हे. उन्हातले अतिनील किरण लाकडातलं लिग्निन, म्हणजे तंतूंना धरून ठेवणारा डिंक, मोडतात. पावसाने तो धुऊन जातो, वर सुटे राखाडी तंतू उरतात, त्यावर थोडी बुरशी बसते. पण हे सगळं वरच्यावर. मऊ लाकूड अशा झिजेने शंभर वर्षांत जेमतेम ६ मिलिमीटर कमी होतं. म्हणजे राखाडी डेक म्हातारा दिसतो, आजारी असेलच असं नाही.

दुसरी, त्या सुट्या तंतूंवर रंग धरत नाही. लाकूड दोन-तीन आठवडे जरी उघडं उन्हात राहिलं तरी रंगाची पकड कमी होते. मी तर वर्षानुवर्षं उन्हात पडलेल्या फळ्यांवर नुसतं पाणी मारून लेप थापला होता! तो लाकडाला चिकटलाच नव्हता, धुळीला चिकटला होता. आणि एकदा कडेने सुटला की त्याच्याखाली शिरलेलं पाणी बाहेर पडायला वाट नाही.

हे मुद्दाम लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं यावर आहे. लाकूड भिजल्याने कुजत नाही, भिजून वाळता न आल्याने कुजतं. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या खाली राहिली तर कुजवणारी बुरशी वाढत नाही. कोकणात आमच्या आजोळी बारा महिने दमट हवा आणि चार महिने धो धो पाऊस, तरी माडीचे वासे पिढ्यान्‌पिढ्या टिकले. कारण वर कौलं, बाजूंनी वारा आणि लाकडाला काजूच्या टरफलांचं तेल. पाणी आलं तरी ते निघून जायचं.

२०१६ च्या उन्हाळ्यात आई-बाबा सहा महिन्यांसाठी आले. त्या वर्षी गणेशचतुर्थी ५ सप्टेंबरला, सोमवारी होती आणि इथे तोच लेबर डे. चक्क सुट्टीच्या दिवशी गणपती! दरवर्षी आमच्याकडे आरतीला तीसेक माणसं येतात आणि आरतीनंतर सगळी प्रसादाच्या वाट्या घेऊन डेकवर जातात. म्हटलं, यंदा डेक नीट करू. १३ ऑगस्टच्या शनिवारी सकाळी मी आणि बाबा कामाला लागलो. बाबा सार्वजनिक बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. त्यांचा एक जुना नियम आहे, कोणत्याही बांधकामाकडे आधी खालून बघायचं. ते टॉर्च घेऊन डेकखाली गेले. मी वर, गुडघ्यांवर बसून, फळ्यांमधल्या फटीतला कचरा पत्र्याच्या पट्टीने उकरत होतो. मेपलच्या बिया, पाइनच्या सुया, काळा गाळ. दारापाशी, भिंतीलगतच्या फळीजवळ, पट्टी जरा जास्तच आत गेली. स्क्रूड्रायव्हर लावून पाहिला. चांगल्या सीडरमध्ये तो हाताच्या जोराने जेमतेम टोकभर जातो. इथे मुठीपर्यंत गेला. शिळ्या केकमध्ये जावा तसा.

खालून बाबांचा आवाज आला, "अरे, ही भिंतीची फळी ओली आहे."

भिंतीची फळी म्हणजे लेजर. डेकची एक बाजू खांबांवर उभी असते आणि दुसरी बाजू घराला बोल्टने जखडलेल्या या एका आडव्या फळीवर टेकलेली असते. तिच्यावर पन्हाळीसारखी वळवलेली पत्र्याची पट्टी बसवायची असते, म्हणजे भिंतीवरून येणारं पाणी फळीमागे शिरत नाही. आमचं घर १९९० च्या दशकातलं. ज्याने हा डेक बांधला त्याने ती पट्टी लावलीच नव्हती. वर्षानुवर्षं पाणी मागे मुरत होतं. आणि २०१४ मध्ये मी काय केलं होतं? दारापाशी दिसणारी फट त्या जाड लेपाने मस्तपैकी लिंपून टाकली होती. जी एकच वाट पाण्याला वाळून निघायला होती, तीही बंद.

मी तिथेच बसून हिशोब केला. तीस माणसं, सरासरी ७० किलो, म्हणजे २१०० किलो. यातला साधारण निम्मा भार लेजरवर, म्हणजे टनभराहून जास्त. धडधाकट डेकला हे काहीच नाही. इथल्या नियमाप्रमाणे डेक दर चौरस फुटाला ४० पाउंड पेलेल असा बांधायचा असतो, म्हणजे आमच्या मापाचा डेक जवळजवळ ३५०० किलोंचा. पण तो धडधाकट असेल तर. आमचा नव्हता. आणि वर्षभरापूर्वीच, १६ जून २०१५ ला, कॅलिफोर्नियातल्या बर्कलीमध्ये एका इमारतीची बाल्कनी तुटून सहा तरुण मुलं गेली होती. आत पाणी मुरून लाकडी वासे कुजले होते. वरून काहीच कळत नव्हतं. ती बातमी मी हापिसात चहा पिताना वाचली होती आणि 'काय लोक बांधतात' म्हणून पुढची टॅब उघडली होती.

मागच्या वर्षीच्या आरतीचा फोटो अजून माझ्या फोनमध्ये होता. कठड्याला टेकून आई उभी आहे, पुढे पाच-सहा लहान मुलं, त्यात माझी मुलगी. खाली नऊ फूट. तो फोटो मी त्या दिवशी बायकोला दाखवला नाही. संध्याकाळी तिने स्वतःच काढून पाहिला, मग डेकचं दार आतून बंद केलं आणि किल्ली स्वयंपाकघरातल्या डब्यात टाकली.

त्या वर्षी गणपती गॅरेजमध्ये बसला. छान झालं, उलट मुलांना हिरवळीवर जास्त पळता आलं. सुताराला सप्टेंबरच्या मध्यापर्यंत वेळ नव्हता. त्याने लेजर बदलली, मागची भिंत सुकवली, पट्टी बसवली. बिल किती झालं ते विचारू नका. पण ते बिल देताना मला पहिल्यांदाच स्वस्तात सुटल्यासारखं वाटलं.

आता माझं मत, ज्यासाठी हा सगळा प्रपंच. आपण 'तयारी' हा शब्द चुकीच्या अर्थाने वापरतो. खरं काम म्हणजे रंग, आणि तयारी ही त्याआधीची कटकट, असं आपल्याला वाटतं. माझ्या मते उलट आहे. डेक घासणं, फटी उकरणं, प्रत्येक खिळा बघणं, हीच त्या डेकची तपासणी असते. चार वर्षांतून एकदा तुम्ही प्रत्येक फळीसमोर गुडघे टेकता, ते याच वेळी. रंग ही त्या तपासणीखालची सही. तपासणी न करता सही ठोकणारा माणूस कसा असतो हे आपल्याला चांगलं माहीत आहे.

तर ज्यांच्याकडे डेक आहे (किंवा कर्ज काढून लवकरच येणार आहे), त्यांच्यासाठी माझे तीन वीकेंड.

पहिला वीकेंड बघण्याचा. खालून सुरुवात. लेजर, वासे, वाशांचे लोखंडी आकडे, कठड्याचे खांब, सगळीकडे स्क्रूड्रायव्हर टोचून बघायचा. फटीतला कचरा काढायचा, कारण तो ओल धरून ठेवणारा स्पंज आहे. वर आलेले खिळे पुन्हा ठोकू नका. पुढच्या हिवाळ्यात ते परत डोकं वर काढतात. उपटून त्या जागी गंज न चढणारे स्क्रू घाला.

दुसरा वीकेंड धुण्याचा. जुना लेप काढायला कॉस्टिकचं औषध मिळतं. हातमोजे, चश्मा हवेतच, आणि आसपासची झाडं आधी पाण्याने भिजवून झाकायची. औषध उन्हात वाळू द्यायचं नाही. घासायला प्लास्टिकच्या ताठ केसांचा ब्रश, लाकडाच्या रेषेच्या दिशेने. तारेचा ब्रश नको, त्याचे तुकडे लाकडात अडकून गंजाचे डाग पडतात. लेप नसून नुसती राखाडी कळा असेल तर सोडियम परकार्बोनेटची पावडर पुरते. शेवटी ऑक्झॅलिक ॲसिड. त्याने कॉस्टिकचा उरलेला अंश मरतो आणि खिळ्यांभोवतीचे काळे डागही जातात. सीडरमधलं टॅनिन आणि लोखंड एकत्र आले की ते डाग पडतात, आपल्या जुन्या शाईसारखे. मग भरपूर पाणी.

भाड्याने मिळणाऱ्या जोरदार फवाऱ्याच्या यंत्राबद्दल माझं मत स्पष्ट आहे: नको. सीडर मऊ असतं, जोर जास्त झाला की कापूस पिंजल्यासारखं पिंजून निघतं. शिवाय फवारा मारताना आपण उभे असतो, बघत नसतो.

तिसरा वीकेंड थांबण्याचा. हा सगळ्यात अवघड. लाकूड वरून एका दिवसात वाळतं, आतून नाही. ओल मोजायचं छोटं यंत्र मिळतं, ते घ्या. आकडा १५ टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय डबा उघडायचा नाही. मग ६० किंवा ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासायचं, त्याहून बारीक नको. फार गुळगुळीत लाकूड तेल पीत नाही. घासताना तोंडावर मास्क. आणि डेक २००४ च्या आधीचा असेल तर खालच्या हिरवट वाशांना पॉलिश पेपर लावूच नका. त्या काळच्या औषधात आर्सेनिक असायचं. अमेरिकेत घरगुती वापरासाठी ते २००३ च्या अखेरीस बंद झालं.

शेवटी थेंबांची परीक्षा. फळीवर पाणी शिंपडायचं. शोषलं गेलं तर लाकूड तयार. मोत्यासारखे थेंब उभे राहिले तर अजून जुनं काहीतरी शिल्लक आहे.

आमच्या बाबतीत सुताराच्या वाटेत महिना गेला. मॅडिसनवाल्यांचा दोन-तीन आठवड्यांचा धडा आठवून मी सगळा डेक पुन्हा हलका धुतला आणि घासला. बाबा म्हणाले, "म्हणजे तीनदा पैसे." पाऊस उघडून ओलीचा आकडा खाली यायला ऑक्टोबर उजाडला. मग एका कोरड्या दिवशी, दव वाळल्यावर, तेलाचा पातळ स्टेन लावला. एकच हात, आणि जे मुरलं नाही ते फडक्याने पुसून घेतलं. फळ्यांच्या कापलेल्या टोकांना मात्र दोनदा, कारण पाणी सगळ्यात जास्त तिथून आत जातं. दहा अंशांखाली किंवा कडक उन्हात लावायचा नाही. आणि हो, तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. तेल हवेशी मिसळताना तापतं आणि फडकी आपोआप पेटू शकतात. ती घराबाहेर मोकळी पसरून वाळवायची किंवा पाण्याच्या पत्र्याच्या डब्यात बुडवायची.

हा पातळ स्टेन दोन-तीन वर्षांत फिका पडतो. लोक याला दोष मानतात, मी गुण मानतो. तो सोलत नाही, नुसता विरतो. त्यामुळे पुढच्या वेळी खरवडायचं काही नसतं, धुतलं आणि लावलं. आणि दर दोन-तीन वर्षांनी मला गुडघ्यांवर बसून पुन्हा डेक बघावा लागतो. दहा वर्षं टिकणारा लेप म्हणजे दहा वर्षं न बघण्याची परवानगी. अशी परवानगी मला आता नको आहे.

तुम्ही म्हणाल, एवढा वेळ कोणाकडे आहे? प्लास्टिक-लाकडाच्या मिश्रणाच्या फळ्या टाक की! जरूर टाका, रंगाची कटकट सुटेल. पण त्या फळ्याही लाकडी वाशांवर आणि लाकडी लेजरवरच बसतात. माणूस लावून काम करून घ्या, त्यातही कमीपणा नाही. फक्त तो आला की 'रंग कोणता' हे विचारण्याआधी 'खालून बघितलंत का' हे विचारा.

पुण्यातल्यांना डेक नसला तरी गच्ची आहे. दर मे महिन्यात सोसायटीची मीटिंग, दर मे महिन्यात गच्चीवर नवा लेप, दर जुलैत वरच्या मजल्यावर तीच ओल. बाबा प्रत्येक मीटिंगला एकच प्रश्न विचारायचे: "ढाळ तपासला का? पन्हाळीचं तोंड मोकळं आहे का?" लोकांना ते किरकिरे म्हातारे वाटायचे. मलाही वाटायचे.

आणि हापिसात? जुन्या कोडवर नवा चकचकीत स्क्रीन चढवायच्या मागण्या येतात, तेव्हा मी आता आधी फटी उकरायला वेळ मागतो. मॅनेजर वैतागतो. असो, तो वेगळ्या वीकेंडचा विषय.

बाबा आता प्रवास करत नाहीत. या उन्हाळ्यात पुन्हा स्टेनची पाळी आहे. परवा व्हिडिओ कॉलवर मी त्यांना धुतलेला डेक दाखवत होतो, चांगला मधाच्या रंगाचा निघालाय. त्यांनी दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाले, "छान. आता फोन घेऊन खाली जा."

गेलो. लेजर कोरडी आहे.